कुठल्या ओळीवर

चोडणच्या बांधावर, मानशीच्या खोपीत,
गुडघ्यांवर लॅपटॉप, बॅटरी एकतीस टक्के.
काल पहाटे तीनला दार आपोआप उघडलं,
आणि नदी इनासच्या शेतात
विचारल्याशिवाय शिरली.
खाऱ्याला सोसणारं कोरगुट ते,
पण त्यानं तरी किती सोसायचं?

कंपनीनं मला धाडलं. रायबंदरहून शेवटची फेरीबोट,
एक वायर, दोन पाव,
आणि पुंडलीक गांवसचा फोन:
"भरतीची मर्यादा दोनशे दहाच आहे. मी स्वतः लिहिलीय."

लिहिली असशील, पुंडलीक.
पण मॅक्रो मागे उरत नाही.
प्रीप्रोसेसर येतो, नाव पुसतो, जागी आकडा ठेवतो,
कंपायलरच्या कानावर ते नाव पडतच नाही.
चिपमध्ये 'भरती' हुडकलीस तर सापडेल
नुसता एक आकडा,
अनवाणी, घरचा पत्ता विसरलेला.

म्हणून सगळं पुन्हा बांधलं, जादा नोंदी ठेवून.
नोंदी कशा, तर कोमुनिदादच्या जुन्या वहीसारख्या:
ही फाईल उघडली, अमक्या ओळीवर.
बाराव्या ओळीला भरती नाव लागलं.
अठ्ठ्याऐंशीला ते कापलं.
एक्क्याण्णवला तेच नाव, दुसऱ्याच आकड्यावर.
फाईल मिटली.
भरती किती, हे वही सांगत नाही.
कुठून कुठपर्यंत किती, एवढंच सांगते.

डीबगरला विचारलं: भरती किती?
त्यानं आधी माझे पाय पाहिले.
प्रोग्राम जिथं थांबलाय तो पत्ता घेतला,
पत्त्यावरून फाईल, फाईलवरून ओळ, साठावी,
मग वहीवर बोट फिरवत गेला:
या ओळीच्या वर कोण आलं,
त्यातलं कोण इथं पोचायच्या आत गेलं.
खालच्या ओळीवर येणार असलेलं नाव
त्याच्या लेखी अजून कुणाच्या पोटातही नाही.
म्हणाला, दोनशे दहा.

पुंडलीक बरोबर होता.
दार मात्र उघडलं होतं.

इनास काळा चहा घेऊन आला.
बोलायला काही म्हणून मी विचारलं,
इथलं पाणी खारं की गोड?
कपावरची मुंगी त्यानं फुंकरीनं उडवली.
"पयलीं सांग, तूं खंय उबी आसा."

मी लॅपटॉपकडे पाहिलं.
एक फ्रेम वर चढले,
पातळी वाचणाऱ्या फंक्शनातून
त्याला हाक मारणाऱ्या, दार हलवणाऱ्या फंक्शनात.
ओळ एकशे चाळीस.
तोच प्रश्न. तेच नाव.
दोनशे चाळीस.

नदी दोनशे पंचवीसवर होती त्या पहाटे.
एकाच फाईलमध्ये, ऐंशी ओळींच्या अंतरानं,
एकाच्या लेखी भरती आली होती
आणि दुसऱ्याच्या लेखी अजून ओहोटीच.

डीबगरही काही देव नाही.
एकच हेडर दोन वाटांनी आत आलं असेल
तर मुख्य फाईलला जवळची वाट तो खरी धरतो,
भाऊबंदकीत थोरल्या घराचं ऐकावं तसा.
आणि प्रोग्राम चालतच नसेल, फ्रेमच नसेल,
तर तुम्ही शेवटची वाचत होता त्या ओळीवर तुम्हाला उभं करतो.
तीही नसली, तर मग तुम्ही हातानं सांगितलेली नावं,
बाकी अंधार.

एक्क्याण्णवावी ओळ खोडली.
बॅटरी चार टक्के.
इनासनं विश्वास नको म्हणून
दाराला जुन्या सागवानाची फळीही लावली.

सकाळच्या बोटीत, मांडवीच्या ऐन मध्यावर,
पुंडलीकचा फोन:
"काय गं, दोनशे दहाच होती ना?"
होय, म्हणाले,
आणि 'कुठे' ते तो विचारील म्हणून
रायबंदरचा धक्का लागेपर्यंत थांबले.